टोमॅटोवरचं ब्लँकेट

आमच्या बागेत झाडांपेक्षा आजार जास्त आहेत. पीटी सरांचे गुडघे, बेकरीवालीची साखर, माझं ब्लडप्रेशर आणि मीटरवाल्यांचा बहिरा डावा कान. पानगळ सुरू झाली की या सगळ्यांना बहर येतो. उन्हाळ्यात पाणी घालता घालता जीव जातो, बोलायला फुरसत कोणाला असते? पण एकदा वेल पिवळे पडले, काढणी संपत आली, की आम्ही अवजारांच्या खोलीपुढच्या बाकावर जमतो. मी थर्मास उघडते आणि कोणाला कुठे काय दुखतंय याची उजळणी सुरू होते. ती संपली की घरचं निघतं. कोणाची सून बोलत नाही, कोणाची जरा जास्तच बोलते.

बाग म्हणजे तरी काय, पाण्याच्या जुन्या टाकीमागची पडीक जागा. आसपासच्या बिऱ्हाडांनी दगड उचलून वाफे पाडले, ज्याला जमेल तसं तो पिकवतो. माझी कोपऱ्यावर लाँड्री आहे. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभी असते, म्हणून संध्याकाळी मातीत हात घालायला बरं वाटतं. मला लोक तोंडाळ म्हणतात. म्हणोत बापडे. पण ही गोष्ट माझी नाही, मीटरवाल्यांची आहे.

मीटरवाल्यांनी जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी आणि दारात उभं राहून ठरलेलं वाक्य, "दोन मिनिटं हं." जिन्याखाली वाकायचं, आकडा टिपायचा, बाहेर पडायचं. या भागातल्या एकूण एक घरात ते गेले असतील, पण बसले एकाही घरात नाहीत. ते 'दोन मिनिटं' त्यांच्या जिभेवर असं बसलं की नोकरी सुटली तरी ते सुटलं नाही. डॉक्टरकडे दोन मिनिटं, बाजारात दोन मिनिटं. घरी "दोन मिनिटांत येतो" सांगून बागेत यायचे आणि दिवे लागले तरी टोमॅटोपाशी उकिडवे बसलेले. मग वहिनी रस्त्यापलीकडच्या आपल्या व्हरांड्यात येऊन हाक मारायच्या, "अहो, तुमची दोन मिनिटं झाली नाहीत का अजून?" अख्खी बाग हसायची. वहिनींचा आवाजच तसा खणखणीत होता.

होता म्हणते, कारण मागल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, डोळे तर आधीपेक्षा तिखट झालेत. पण घशातून निघतो तो नुसता घोगरा सूर, शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही असा.

मीटरवाल्यांनी बायकोचं केलं नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. औषधं, मालीश, चमच्याने भरवणं, सगळं केलं. दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, हाताला स्वच्छ. वहिनींना उचलायचं, अंघोळ घालायची, केस विंचरायचे, सगळं त्यांच्याकडे. संध्याकाळी निघताना वहिनींची खुर्ची त्या व्हरांड्यात बागेकडे तोंड करून लावायच्या, पायापासून छातीपर्यंत ब्लँकेट नीट खोचायच्या आणि "ताई, उद्या येते हं" म्हणून जायच्या. व्हरांड्याच्या कठड्यावर मीटरवाल्यांनी दाट वेल चढवलाय. त्याच्या फटीतून आतल्या माणसाला आमचा बाक स्पष्ट दिसतो. बाकावरच्या माणसाला मात्र आतलं काही दिसत नाही.

तर त्या दिवशी दुपारीच बातमी आली की रात्री कडाक्याचा गारठा पडणार. मोसमातला पहिला गारठा म्हणजे टोमॅटोचा काळ. एका रात्रीत पाला काळा पडतो, उकडल्यासारखा. आमची पद्धत ठरलेली आहे. ज्याला आधी कळेल त्याने बाकीच्यांना फोन करायचा आणि सगळ्यांनी घरातल्या जुन्या चादरी, पडदे, पोती घेऊन धावायचं. ऊन उतरायच्या आत झाकलं तर दिवसभराची मातीतली ऊब आत राहते. उशीर केला की नुसतीच थंडी झाकून ठेवल्यासारखं होतं.

मीटरवाल्यांचे टोमॅटो त्या वर्षी मागे पडले होते. फळ मोठं, पण अजून हिरवं. बी वहिनींनी धरलेलं, त्या धडधाकट होत्या त्या शेवटच्या मोसमातलं. कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवलं होतं, ते यांना सापडलं. "त्यातला एक तरी लालबुंद टोमॅटो तिला भरवायचाय," असं ते वर्षभर आम्हाला सांगत होते. त्यामुळे त्या दिवशी त्यांची जी धावपळ चालली होती, तिला मी हसले तरी मला ती कळत होती. त्यांच्या चादरी संपल्या आणि रस्त्याकडची शेवटची ओळ उघडीच राहिली. "दोन मिनिटं!" म्हणत ते घरी पळाले आणि एक ब्लँकेट घेऊन आले.

निळ्या-तपकिरी चौकड्यांचं, साटिनच्या काठाचं. मी ओळखलं, दर वर्षी धुवायला माझ्याकडेच येतं.

"काय हो, टोमॅटोचे लाड चाललेत अगदी!" मी म्हटलं. "एवढं चांगलं ब्लँकेट?"

"जुनं झालंय," ते म्हणाले. "घरात दुसरं आहे."

दुसरं होतं, हे खरं. कपाटात होतं. आणि हे वहिनींच्या अंगावर होतं. पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, कोडी घालायचा माझा स्वभाव नाही. मावशी नुकत्याच खोचून गेल्या होत्या. मीटरवाल्यांनी ते वहिनींच्या अंगावरून ओढलं आणि म्हणाले, "एवढी ओळ झाकतो आणि दोन मिनिटांत तुला दुसरं काढून देतो."

ओळ झाकून झाली. कपड्यांचे चिमटे लावून झाले. सगळ्यांचंच सगळं वेळेवर झाकून झालं होतं आणि आम्ही खुशीत होतो. मी थर्मास उघडला. पीटी सरांनी गुडघा दाबत बसकण मारली. बेकरीवालीने तिला खायला बंदी असलेली बिस्किटं आम्हाला वाटली आणि सहज विचारलं, "वहिनी कशा आहेत आता?"

झालं. मीटरवाले सांगायला लागले. मालीशचं तेल किती कोमट करायचं, कूस किती वेळाने बदलायची, गार वाऱ्याला कसं जपायचं. हो, गार वाऱ्याला कसं जपायचं हेसुद्धा. पीटी सर म्हणाले, "तुमच्यासारखा नवरा मिळायला भाग्य लागतं." बेकरीवालीने डोळे पुसले. मीटरवाले लाजले, दुसरा कप घेतला, आणखी सांगायला लागले. रस्त्यावरचे दिवे लागले. मी शाल कानावर ओढून घेतली आणि म्हटलं, "अगं बाई, गारठा पडला की हो!" तसा त्यांचा कप ओठांपाशी थांबला. तो तसाच बाकावर ठेवून ते पळत सुटले. आम्हाला वाटलं, पोटात काहीतरी बिघडलं. हसलोसुद्धा आम्ही.

वहिनी पलीकडून आम्हाला बघत होत्या. तो सगळा वेळ.

तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं. न्यूमोनिया. लेक दुसऱ्या गावाहून धावत आली. चांगली पोर आहे, पण काळजीने माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीटरवाल्यांनी सांगितलं, थंडीत उघड्यावर बसली होती, अंगावर काही नव्हतं. लेकीने विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" ते म्हणाले, "बागेत." एवढंच. तेही खोटं नव्हतंच.

"म्हणजे मावशी पांघरूण न घालताच गेल्या," लेक म्हणाली.

मीटरवाले गप्प बसले.

मावशींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मी खोचून गेले होते हो, ताईंचा हातसुद्धा आत घेतला होता." लेक म्हणाली, "मग ब्लँकेट काय उडून गेलं?" आणखीही पुष्कळ बोलली. मावशींनी मीटरवाल्यांकडे एकदा पाहिलं. ते औषधांच्या बाटल्या सारख्या करत होते. मावशी चपला घालून निघून गेल्या. असल्या गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. माझ्या दुकानातच मी चौघींकडून ऐकलं, की त्या बाईने आजारी माणसाला थंडीत उघडं टाकलं. त्यांना मिळायचं होतं ते दुसऱ्या घरचं कामही गेलं.

आणि दवाखान्यात वहिनी डावा हात उचलून सारखं बोट दाखवायच्या. मीटरवाल्यांकडे. ते पलंगाच्या या बाजूला आले की या बाजूला, त्या बाजूला गेले की त्या बाजूला. लेकीचे डोळे भरून यायचे. "बघा बाबा, तुम्हालाच शोधतेय ती. बसा ना तिच्याजवळ." ते बसायचे. बोट त्यांच्या छातीच्या रोखाने तसंच. त्यांनी मला नंतर सांगितलं, "त्या बोटासमोर बसण्यापेक्षा मी मीटरच्या उघड्या तारेला हात लावला असता."

वहिनी वाचल्या. घरी आल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मीटरवाले बागेत आले ते वाळलेले वेल उपटायला. ओळखू येईनात, गालफडं बसलेली. टोमॅटो मात्र सगळे वाचले होते, झाडावरच लाल झालेले. वहिनी दवाखान्यात असताना झाकायचं-काढायचं आम्हीच बघत होतो. त्यांनी टोपली भरली आणि सगळी आमच्यात वाटून टाकली. स्वतःला एकही ठेवला नाही.

"अहो, वहिनींना भरवायचा होता ना?" मी म्हटलं.

"नको," म्हणाले आणि पुन्हा वेल ओढायला लागले.

आम्ही बाकावर बसलो. नेहमीची दुखण्यांची उजळणी झाली. मग बेकरीवालीने घरचं काढलं. तिची सासू पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि ही पहाटेपासून भट्टीवर. "बाई मिळेना हो. त्या मावशी मोकळ्याच आहेत म्हणतात. ठेवू का?"

"डोकं फिरलंय का तुझं?" पीटी सर म्हणाले. "वहिनींचं काय केलं तिने, विसरलीस?"

मीही भर घातली. "दिसायला गरीब दिसते, पण माणूस कळत नाही बाई."

"यांनाच विचारते," बेकरीवाली म्हणाली. "मी यांच्या शब्दावर जाणार." आणि तिने मीटरवाल्यांना हाक मारून विचारलं.

ते पाठमोरे होते. डावा कान आमच्याकडे. ऐकू आलं नाही असं आम्हाला वाटलं, आणि त्यांनी तसंच वाटू दिलं असतं तर ते सुटले असते. बेकरीवाली "जाऊ दे" म्हणालीही. पण पीटी सर कसले जाऊ देतात! त्यांनी मैदानावरचा आवाज काढला. "अहो मीटरवाले! ती मावशी! कामाला ठेवावी की नाही?" टाकीपलीकडच्या वाफ्यांतली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

मीटरवाले उभे राहिले. हातात मुळासकट वेल.

"ठेवा," ते म्हणाले. "तिने पांघरवलं होतं. मी काढलं."

"काय काढलं?" पीटी सरांना कळेना.

"ब्लँकेट. तिच्या अंगावरचं काढून इथे टोमॅटोवर घातलं. दुसरं देतो म्हणालो आणि इथे बसलो. तुमच्यात. चहा पीत."

माझ्या ओच्यात त्यांचे टोमॅटो होते. मला ते कुठे ठेवावेत कळेना. आणि मग माझा स्वभाव आड आला.

"आणि त्या बाईवर खापर फुटलं तेव्हा तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"लागलं होतं," ते म्हणाले. "पोरगी म्हणाली, बाबा, तुम्ही आईचं किती करता, तुम्ही नसतात तर ती कधीच गेली असती. त्याच्यावर मी काय बोलणार? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग मावशी गेल्या. मग सांगणं आणखी जड झालं. रोज जेवायला बसतो आणि घास फिरतो तोंडात."

"मला नका सांगू. घरी सांगा."

"सांगतो."

"कधी? दोन मिनिटांनी?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले. त्यांनी वेल खाली टाकला, हातही न धुता रस्ता ओलांडला. मी मागोमाग गेले. काही उपकार म्हणून नव्हे. हा माणूस मध्येच कच खाईल अशी मला भीती होती.

स्वतःच्या घरात ते मीटर वाचायला आल्यासारखे उंबऱ्यावरच उभे राहिले. लेक वहिनींना पेज भरवत होती. वहिनींचा डावा हात लगेच उठला, बोट यांच्याकडे.

"ती मला शोधत नाहीये," मीटरवाले लेकीला म्हणाले. "ती तुला सांगतेय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. ब्लँकेट, टोमॅटो, बाक, चहा. काही झाकलं नाही. सांगून होईपर्यंत लेकीच्या हातातला चमचा हवेतच होता. वहिनींनी हात हळूच मांडीवर ठेवला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा खाली राहिला असेल.

लेक रडली नाही. म्हणाली, "बाबा, मी त्यांना काय काय बोलले. चोरसुद्धा म्हणाले." आणि चमचा वाटीत ठेवत, "तुम्ही तिथेच उभे होतात."

मावशी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहतात. लेक आणि मीटरवाले दोघं गेले, मला जिना दाखवायला नेलं. लेकीने पाय धरले, मावशींनी तिला उठवून पाणी दिलं. मीटरवाल्यांना बसा म्हणाल्या, पण ते बसेनात.

"मला माहीत होतं हो," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी कामाला आले तर ब्लँकेट दोरीवर वाळत होतं. काठाला टोमॅटोचा पाला चिकटलेला. तो वास काय लपतो? मला वाटलं, आता बोलाल, मग बोलाल."

"चुकलो," मीटरवाले म्हणाले. "परत या. तिला तुमच्या हाताची सवय आहे."

"ताईंसाठी जीव तुटतो माझा. येऊन भेटून जाईन. पण तुमच्याकडे काम नको. उद्या पुन्हा काही झालं आणि तुम्ही पुन्हा गप्प बसलात, तर मी काय करायचं?"

पुढच्या आठवड्यापासून मावशी बेकरीवालीच्या सासूकडे जायला लागल्या. ज्या चौघींनी मला सांगितलं होतं, त्यांना मी इस्त्रीचे कपडे देता देता खरं काय ते सांगितलं, आवाज चढवून. पण खोट्याइतकं ते पळालं नाही. अजूनही एखादी विचारते, "तीच ना ती, थंडीतली?"

लेक अजून इथेच आहे, नवीन बाई मिळेपर्यंत. मीटरवाल्यांनी कठड्यावरचा वेल बुडापासून कापून टाकला, आता बाकावरून व्हरांडा दिसतो. पण बाकावर ते येतात कुठे? संध्याकाळी वहिनींशेजारी स्टूल टाकून बसतात. 'दोन मिनिटं' तर त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलंच नाही.

परवा मी ते ब्लँकेट धुऊन, इस्त्री करून घेऊन गेले. पाल्याचा हिरवा डाग काठावर राहिलाच, साटिनवरून तो जात नाही. लेक दुकानात गेली होती. मी वहिनींच्या अंगावर ब्लँकेट घातलं, थर्मासमधला चहा ओतला, इकडचं तिकडचं बोलत बसले. पीटी सरांच्या गुडघ्याचा विषय निघाला तेव्हा वहिनी चक्क हसल्या. बोलता बोलता त्यांच्या खांद्यावरून ब्लँकेट घसरलं. मीटरवाले सवयीने पुढे वाकले आणि त्यांनी काठाला हात लावला.

वहिनींची डावी मूठ झटकन काठावर बसली. ब्लँकेट त्यांनी छातीशी ओढून धरलं, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. नजर यांच्यावर. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. थंडी वाजणाऱ्या माणसाची नजर होती ती.

मीटरवाल्यांनी हात मागे घेतले.

"रोज असंच होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या हातून जेवते. औषध घेते. मालीश करू देते. फक्त अंगावरच्या पांघरुणाला हात लावला की..." त्यांनी स्टूल मागे सरकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही जरा खोचता का? गारठा पडायला लागलाय."

मी उठून खोचलं. वहिनींनी मूठ सोडली.